हत्यार कोणाच्या हातीं?

गेल्या महिन्यांत आमच्या भंडाऱ्याच्या घरीं एक वाद माजला. वादी आमचा नातू, प्रतिवादी आमच्या धाकट्या बंधूंची नात, आणि विषय असा कीं, ज्याचें नांवही आमच्या पिढीनें ऐकलेलें नव्हतें. संगणकावर खेळावयाचा खेळ तयार करावयाचा, तर तो कोणत्या साधनानें? ज्या वाचकांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्यांच्या ओसरीवरही हा प्रश्न आज ना उद्यां येणार. म्हणून ही हकीकत.

खेळाची कल्पना मुलांची स्वतःची आणि आम्हांस मनापासून आवडलेली. आमच्या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. हे किडे घरांत ठेवीत नाहींत. उघड्या रानांत झाडावरच ते पाला खातात, आणि पाळणाऱ्यानें महिना-दीड महिना त्यांस पक्षी व मुंग्या यांपासून राखावयाचें असतें. मोहाडीकडचें कोशाचें लुगडें नेसणाऱ्या किती जणींस हें ठाऊक असेल? मुलांच्या खेळांत हीच राखण करावयाची आहे. चित्रें नात काढणार, हालचालींचें गणित नातू बसविणार, येथवर एकमत होतें.

पुढें नातवानें बॉम्ब टाकला. "आजोबा, खेळ अनरियल इंजिनावरच करायचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनें 'राजी' त्यावरच केला. पण त्यासाठीं नवा संगणक लागेल, दीड लाखाचा."

दीड लाख ही रक्कम घरांत होती. परंतु ती कौलांसाठीं राखून ठेवलेली. आमचे बंधु म्हणाले, "मागतो आहे, तर देऊं." वहिनींनीं वर आढ्याकडे पाहिलें आणि कांहीं बोलल्या नाहींत. निकाल आम्हांवर आला.

इंजिन म्हटलें कीं आमच्या वयाच्या माणसास तुमसर रोडचें स्टेशन आठवतें. या इंजिनांत वाफ नाहीं. वस्तु खालीं कशी पडावी, दोन वस्तु आदळल्या हें कसें कळावें, चित्र सेकंदास साठ वेळां पडद्यावर कसें उमटावें, हीं कामें बहुतेक प्रत्येक खेळास लागतात; तीं एकदां करून ठेवलेली जी प्रणाली, तिला इंजिन म्हणतात. चित्रें काढण्याचीं साधनें निराळीं: सपाट चित्रास क्रिता किंवा फोटोशॉप, सर्व बाजूंनीं फिरवितां येणाऱ्या आकृतीस ब्लेंडर. मुलांच्या भांडणांत हीं दोन प्रकरणें एकांत एक मिसळलीं होतीं. तीं आधीं वेगळीं केलीं.

'राजी' हा 2020 सालीं प्रसिद्ध झालेला खेळ. त्यांत महाल, जिने, छाया-प्रकाश सर्व कांहीं खोलीसह उभें केलेलें आहे. तेथें अनरियल शोभतें. त्याच्या अटीही नवशिक्यास जाचक नाहींत: एका खेळाचें उत्पन्न दहा लाख डॉलर होईपर्यंत कांहीं मागत नाहींत, त्यापुढील उत्पन्नावर शेंकडा 5. परंतु नातीनें एका वाक्यांत उत्तर दिलें, "दादा, आपले किडे सपाट आहेत." वहींत काढलेल्या झाडावर वहींत काढलेला किडा सरकवावयास एवढें अवजड यंत्र कशास? तें संगणकाची नुसती जागाच कित्येक गिगाबाइट अडवितें.

मग युनिटीचें नांव निघालें. मोबाइलवरील असंख्य खेळ याच इंजिनावर झालेले आहेत, आणि नोकरीच्या दृष्टीनें तें शिकावें, असें नातवाच्या वडिलांचें म्हणणें. म्हणणें खोटें नाहीं. परंतु 12 सप्टेंबर 2023 रोजीं त्या कंपनीनें जाहीर केलें कीं, उत्पन्नाची व प्रतींची ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळावर, 1 जानेवारी 2024 पासून, तो कोणीं नव्यानें संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेतला कीं दर वेळीं शुल्क पडेल. आणि हा नियम पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांसही लागू! ओरड झाली, दहा दिवसांत नियम सौम्य झाले, ऑक्टोबरांत प्रमुख अधिकारी पायउतार झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्यें तें शुल्क साफ रद्द झालें, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. तरी आमच्या मनांतून ती गोष्ट जाईना. व्याकरणांत करण म्हणजे क्रिया सिद्धीस नेण्याच्या कामीं कर्त्यास सर्वांत अधिक उपयोगी पडणारें साधन. कुऱ्हाड लांकूड तोडते असें आपण बोलतों खरें; परंतु विकत घेतलेल्या कुऱ्हाडीचा पूर्वींचा मालक प्रत्येक घावामागें पैसा मागूं लागला, तर तोडणारा कोण समजावयाचा?

हें आम्ही पुस्तकी पांडित्यानें बोलत नाहीं. शाळेंत असतांना आम्हीं संधि व समास यांचे अभ्यास संगणकावर उतरविले होते, चांगलीं चारशें पानें. त्या वेळीं युनिकोडचा प्रसार नव्हता. एका विशिष्ट फॉंटांत सर्व मजकूर. संगणक बिघडला, नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तों बहुव्रीहीच्या जागीं रोमन अक्षरांचें भुसकट! मजकूर आमचा, पण किल्ली दुसऱ्याकडे. त्या डिस्का अद्यापि माळ्यावर आहेत.

नातीनें गोडो नांवाचें इंजिन सुचविलें. अर्जेंटिनांतील दोघां प्रोग्रॅमरांनीं तें रचलें आणि 2014 सालीं त्याची मूळ संहिताच सर्वांस खुली केली. शुल्क नाहीं, उद्यां कर्त्यांचें मन फिरलें तरी आज घेतलेली प्रत आपली ती आपलीच. उतरवून घ्यावयास दोनशे मेगाबाइटसुद्धां लागत नाहींत, जुन्या संगणकावर चालतें, आणि त्याची भाषा नातवानें शिकलेल्या पायथनच्या वळणाची आहे. बंधु म्हणाले, "फुकटाची वस्तु ती, टिकेल कशी?" त्यांस ब्लेंडरची कथा सांगितली. तें चालविणारी कंपनी 2002 सालीं बुडाली. वापरणाऱ्यांनीं सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून तें सोडविलें व सर्वांस मोकळें केलें. त्याच ब्लेंडरवर केलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटास 2025 सालीं ऑस्कर मिळालें. गोडोंतही उणें आहे: टीव्हीस जोडून खेळण्याच्या यंत्रांवर खेळ न्यावयाचा तर दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी लागते, आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचें नांव क्वचित् दिसतें.

आम्हीं निकाल दिला नाहीं, परीक्षा ठेवली. एक झाड, एक किडा, एक कावळा, एवढेंच गोडो आणि युनिटी या दोन्हींत, घरच्याच संगणकावर, पंधरा दिवसांत करून दाखवावें. चित्रांपुरता मात्र आमचा हुकूम: क्रितांत काढावींत, थरांसह मूळ चित्र जपून ठेवावें, आणि इंजिनास द्यावयाची प्रत पीएनजी या सर्वमान्य रूपांत. इंजिन बदललें तरी झाड पुन्हां काढावें लागूं नये. फोटोशॉपचें मासिक भाडें थांबलें कीं तें आपलेंच चित्र उघडीनासें होतें. आमच्या घरीं तशी एक डिस्कांची पेटी पुरे आहे. नातीस चित्रें काढण्याची डिजिटल पाटी मात्र घेऊन दिली. बोटानें उंदीर फिरवून ऐनाचें पान निघत नाहीं.

पंधरा दिवसांनीं दोन्ही झाडें उभीं राहिलीं. युनिटींतला कावळा अधिक ऐटीनें उडाला, हें नातीनेंही कबूल केलें. तरी नातवानें आपण होऊन गोडो घेतलें. कारण विचारलें, तर म्हणाला, "जुन्या संगणकावर हें लौकर उघडतं, आजोबा." आमचें सर्व प्रवचन फुकट गेलें. सध्यां मुंग्या बुंध्यावरून चढावयाच्या त्या आभाळांत चालत जातात. त्याची दुरुस्ती चालू आहे. कौलें मृगाच्या आधीं बदलून झालीं.