गेटचा सेन्सर ‘डायरेक्ट’ करून देऊ नका, धंदा तिथेच आहे

रिमोटच्या गेट-शटर दुरुस्तीचा धंदा तालुक्याच्या गावात कसा चालेल, यावर आपण व्हिडिओ केला. त्यातल्या एकाच मुद्द्यावर मला इथे सविस्तर लिहायचंय, कारण तो तुमच्या गल्ल्याचाही आहे आणि कुणाच्या तरी लेकराच्या जिवाचाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘गॅरेज डोअर’ दिसतं, म्हणजे गाडीच्या खोलीचा वर सरकणारा दरवाजा. अकोल्यात तसलं गॅरेज शोधून सापडायचं नाही. आपल्याकडे आहे ते बंगल्याचं स्लायडिंग गेट, आणि दुकानाला किंवा गोडाऊनला मोटर लावलेलं रोलिंग शटर. भंडारदऱ्याच्या बाजूला पुण्या-मुंबईच्या लोकांची घरं झाली, रिसॉर्ट झाले, तिथे रिमोटची गेटं आली. बिघाडाची कारणं मात्र जगभर तीच: रिमोट, बोर्ड, मोटर आणि सेन्सर.

बसवणारा बहुतेक वेळा नाशिकचा नाहीतर पुण्याचा. गेट बिघडलं की तो ‘येतो येतो’ म्हणतो आणि येत नाही. एका सेलसाठी घाट उतरून कोण येईल? मग मालक गावातल्या इलेक्ट्रिशियनला नाहीतर वेल्डिंगवाल्याला बोलावतो. तो येतो, बघतो आणि म्हणतो, ‘सेन्सर खराब आहे शेठ, डायरेक्ट करून देतो.’ दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा घातला की गेट चालू. दोनशे रुपये खिशात, मालक खूश.

माझं मत ऐका. हे काम करणारा दुरुस्ती करत नाही. त्याने गेटचे डोळे काढले आणि वर मजुरी घेतली.

सेन्सर काय करतो ते नीट समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल. गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन छोटे डबे असतात, त्यांना फोटोसेल म्हणतात. एक डबा डोळ्यांना न दिसणारा किरण सोडतो, दुसरा तो पकडतो. किरण पोचतोय तोवर बोर्डाला ‘रस्ता मोकळा’ असा निरोप मिळत राहतो. मध्ये कुणी आलं की निरोप तुटतो आणि बंद होणारं गेट थांबतं किंवा परत उघडतं. म्हणजे तार तुटली, डब्यात पाणी गेलं, काच मळली, तरी गेट बंद व्हायला नकार देणारच. मालकाला वाटतं गेट बिघडलं. खरं तर ते आपलं काम चोख करत असतं.

वायर घालून डायरेक्ट केलं की बोर्डाला कायमचा ‘रस्ता मोकळा’ कळत राहतो, मग मध्ये गाडी असो, कुत्रं असो की पोर. दुसरी एक गोष्ट फार कुणी बघत नाही. बऱ्याच बोर्डांत फोटोसेलच्या टर्मिनलवर कंपनीकडूनच जंपर लावून येतो. फोटोसेल बसवताना तो काढायचा असतो. बसवणाऱ्याने पैसे वाचवायला फोटोसेल बसवलेच नाहीत, तर जंपर तसाच राहतो आणि गेट वर्षानुवर्षं आंधळं चालतं. म्हणून कुठल्याही गेटवर गेलात की बोर्डाचं झाकण उघडून आधी तो जंपर बघा.

अमेरिकेत १९९० साली यावर कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज दरवाज्याच्या यंत्राला असं जादा संरक्षण सक्तीचं झालं. कारण साधं होतं. दरवाज्याखाली सापडून मुलं मेली होती. तिथे फोटोसेल जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावा असं सांगतात, कारण जमिनीवर पडलेलं किंवा रांगणारं मूल उंचावरच्या किरणाखालून निघून जातं. आपल्याकडे तो कमरेएवढ्या उंचीवर बसवलेला दिसतो. अंगणात पोरं सरकत्या गेटला लटकून झोके घेतात, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तीन-चारशे किलोचं लोखंड आहे ते.

आता बिघाड शोधायचा कसा. इथेच तुमची खरी कमाई आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

गिऱ्हाइकाला फोनवरच तीन प्रश्न विचारा. पहिला: उघडतंय पण बंद होत नाही का? हो म्हणाला तर संशय आधी फोटोसेलवर घ्या. रिमोट आणि मोटर ठीक असल्याशिवाय ते उघडलंच नसतं. दुसरा: भिंतीवरचं बटण चालतंय का? बटण चालतं आणि रिमोट नाही, तर मोटरला हात लावायचं कारण नाही. तिसरा: घरातला दुसरा रिमोट चालतो का? एक चालतो, एक नाही, तर दोष त्या रिमोटचा. दोन्ही नाही, तर रिसीव्हरचा किंवा सप्लायचा. या तीन प्रश्नांनी कुठला सामान सोबत न्यायचा ते कळतं. राजूरपर्यंत जाऊन सेलसाठी परत अकोल्याला येणं म्हणजे दिवस वाया.

रिमोटमध्ये बहुतेकदा १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल असतो, नाहीतर ३ व्होल्टचा चपटा सीआर२०३२. दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं समजू नका. सेल उतरला की आधी अंतर कमी होतं. रस्त्यावरून चालणारं गेट दारात आल्याशिवाय उघडत नाही. नवीन सेल घालूनही अंतर वाढलं नाही, तर रिसीव्हरची अँटेनाची तार बघा. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्याला साधारण १७ सेंटिमीटरची सरळ तार लागते. कुणीतरी ती गुंडाळून डब्यात कोंबलेली असते. मग बघा, रिसीव्हरजवळ नवीन एलईडी दिवा किंवा कॅमेऱ्याचा अडॅप्टर लागलाय का. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर रेडिओ लहरींत गोंधळ घालतो. दिवा बंद करून रिमोट दाबून पाहा, लगेच कळेल. असा दोष शोधून दिला की गिऱ्हाईक तुम्हाला जन्मभर विसरत नाही.

रिमोट हरवला तर नुसता नवीन जोडून देऊ नका. रिसीव्हरची मेमरी पूर्ण पुसा आणि घरातले सगळे रिमोट परत शिकवा. नाहीतर हरवलेला रिमोट ज्याला सापडला, त्याच्या हातात किल्ली. फिक्स्ड कोडचे रिमोट बाजारात सहज कॉपी होतात. सराफाचं दुकान असो की पतसंस्था, तिथे रोलिंग कोडचाच आग्रह धरा.

फोटोसेलकडे येऊ. निम्मं काम फडक्याने होतं. काच पुसा. कोळ्याचं जाळं काढा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे, हे आपल्या भागातलं ठरलेलं आहे. मग लेव्हल लावून दोन्ही डबे समोरासमोर आहेत का पाहा. मोटरसायकलचा हँडल लागून खांब थोडा वाकला तरी किरण चुकतो. संध्याकाळीच गेट बंद होत नसेल, तर पश्चिमेचं ऊन थेट घेणाऱ्या डब्यावर पडत असणार. सोडणारा आणि घेणारा यांच्या जागा बदला, नाहीतर वर छोटी पट्टी लावून सावली करा. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस आणि धुकं एवढं की चांगला डबाही ओल धरतो. तिथे वायर खालून आत घ्या, भोकाला सिलिकॉन भरा. बोर्डाच्या डब्यात पाल जाऊन शॉर्ट होणं हा तर आपला खास देशी बिघाड, परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

एवढं सगळं करून व्होल्टेज मोजा, तेही गेट चालू असताना. शेतीच्या मोटारी चालू झाल्या की काही वस्त्यांवर व्होल्टेज पडतं, आणि बोर्ड वेड्यासारखा वागतो. इथे सेन्सर बदलून काय होणार?

शटरचं थोडं वेगळं आहे. त्याला बहुतेक ठिकाणी फोटोसेल नसतोच. दुकानदार आत बसून रिमोट दाबतो आणि शटर खाली येतं. त्याला एवढंच शिकवा: शटर दिसत नसेल तर बटण दाबायचं नाही. लाईट गेल्यावर साखळीने शटर कसं चालवायचं, हे पण घरातल्या बाईमाणसाला दाखवून या, फक्त शेठला नको.

तुमच्या स्वतःच्या जिवाचंही बघा. झाकण उघडण्याआधी एमसीबी पाडा. कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. आणि स्लायडिंग गेट मोटरपासून सोडवण्याआधी ट्रॅकच्या दोन्ही टोकांना स्टॉपर वेल्ड केलेले आहेत का ते बघा. नसतील तर ढकललेलं गेट ट्रॅकबाहेर जाऊन अंगावर पडतं.

पैशाचं काय?

मालक म्हणेल, ‘अहो, नवीन फोटोसेल कशाला, डायरेक्ट करा ना. आमच्याकडे लहान कुणी नाही.’ तेव्हा भांडू नका. म्हणा, ‘दादा, आज ऑटो क्लोज बंद करतो, मोटरपासून गेट सोडवून देतो, हाताने ढकला. फोटोसेल आला की येऊन बसवतो.’ ऑटो क्लोज म्हणजे गेट ठरावीक वेळाने आपोआप बंद होणं. सेन्सर नसताना यासारखी धोकादायक गोष्ट नाही. तरी नाही ऐकलं तर काम सोडून या. दोनशे रुपये गेले तर गेले.

कायदाही माहीत असू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहेच, पण सदोष सेवा देणाऱ्या दुरुस्तीवाल्यावरही आहे. धोक्याची सूचना दिली नाही, हेसुद्धा त्यात धरलं जातं. त्यामुळे प्रत्येक बिलावर लिहा: सेन्सर तपासला, चालू आहे. किंवा: सेन्सर बंद आहे, मालकाला सांगितलं. खाली सही घ्या. काही जण म्हणतात, गावात सही मागितली की माणूस बिचकतो. बिचकू द्या. गॅस सिलिंडरच्या पावतीवर सही करतोच ना तो?

व्हिजिट चार्ज ठरवा आणि फोनवरच सांगा. अकोले शहरात तीनशे, राजूर-भंडारदऱ्याला पेट्रोलचे वेगळे, असा काहीतरी स्वच्छ हिशोब. दोष शोधण्याचे पैसे घ्या, सामानात लपवू नका. तीस-चाळीस रुपयांचा सेल चारशेला लावणारा एकदाच कमावतो. त्यापेक्षा वर्षाला दोन भेटींचा करार करा: एक मे अखेर, पावसाआधी, आणि एक दिवाळीनंतर. रिसॉर्टवाल्यांना मेची भेट पटवायला अवघड नाही. काजव्यांच्या दिवसांत गाड्या रांगेत उभ्या असताना गेट अडकलं तर त्यांची अब्रू जाते.

या कामाला कर्ज काढू नका. मल्टिमीटर, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, लेव्हल, दोन प्रकारचे सेल, फोटोसेलची एक जोडी, सिलिकॉनची नळी. एवढं दुचाकीच्या डिकीत मावतं. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका.

आणि खरं सांगायचं तर फक्त रिमोटच्या गेटांवर अकोल्यात घर चालणार नाही. तेवढी गेटंच नाहीत. कॅमेरे, इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर यांच्यासोबत हे जोडा. संगमनेर धरलं तर आकडा बदलतो. पुढच्या व्हिडिओत एका स्लायडिंग गेटवर फोटोसेल पहिल्यापासून बसवून दाखवणार आहे, जमिनीपासून किती उंचीवर ते टेप लावून. तोवर तुमच्या ओळखीतल्या एखाद्या गेटसमोर जा. ते बंद होत असताना झाडू आडवा धरून किरण तोडा. स्वतः मध्ये उभे राहू नका. गेट थांबलं नाही, तर मालकाला त्याच दिवशी सांगा.