नवा लॅपटॉप आणि माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका



विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घ्यायला तयार नव्हता, म्हणून शेवटी नवा घेतला. पहिलं मत विचाराल तर एकदम झकास! पूर्वी बटण दाबून मी वर्गाची हजेरी घेऊन यायचो, तरी तो सुरूच होत असायचा. आता हार्डडिस्कऐवजी एसएसडी आहे, तिच्यात फिरणारी तबकडीच नाही. काही सेकंदांत काम सुरू!

पण खरी परीक्षा झाली ती जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! 'अहमदनगर' हा शब्द 'व्ही, जी, ई, एन, यू, एक्स, जे' असा दिसत होता. कारण साधं आहे. त्या फाइल कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्यात संगणक इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट नव्हता, मुखवटा गळून पडला. युनिकोडमध्ये मात्र 'अ' हा 'अ' म्हणूनच साठवला जातो.

फॉन्ट टाकला की दिसतं ना, मग एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. फक्त दिसतं हो! २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. युनिकोडमधल्या फाइलींत जुनं नाव शोधून सगळीकडे एकदम बदलता आलं. कृतिदेवमधल्या फाइलींत तेच नाव देवनागरीत शोधलं, तर सापडेचना. हीच फाइल पालकांच्या मोबाइलवर गेली की तिथेही खिचडी. घरात ज्या आजीला वाचता येत नाही, तिला फोन ती वाचूनही दाखवू शकत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, लॅपटॉप बदलण्याआधी टायपिंगची सवय बदला. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड मिळतात. वेगळे पैसे लागत नाहीत. जुन्या फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, पण नंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घालाच. चुका तिथेच राहतात.

सगळं एका दिवसात होणार नाही. रोज एक प्रश्नपत्रिका घ्या. लॅपटॉप काही वर्षांनी पुन्हा बदलावा लागेलच. मुलांसाठी केलेली मेहनत मात्र आपल्यानंतर येणाऱ्या शिक्षकालाही वाचता आली पाहिजे.