दुकानातील कॉम्प्युटरची जोडणी : बिघाड शोधा, कुलूप काढू नका

कापडाचे दुकान असो, शिंप्याचा कारखाना असो की एम्ब्रॉयडरीचे युनिट, आज दोन-तीन कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी आढळतात. हिशेबाची किंवा डिझाइनची फाइल एका मुख्य कॉम्प्युटरवर अथवा नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीत असते आणि गल्ल्यावरून, गोदामातून तीच फाइल उघडली जाते. ही सोय मोठी आहे. परंतु ज्या दिवशी जोड तुटते त्या दिवशी बिल निघत नाही, कोणाची किती उधारी आहे ते कळत नाही, आणि दरमहा विवरण भरणाऱ्याचे ११ तारखेचे जीएसटीआर-१ अडकून पडते. रमजान, गणपती व लग्नसराईच्या गर्दीत असा एक दिवसही महागात पडतो.

अशा वेळी आपल्याकडे काय केले जाते? दुरुस्तीवाला येतो, फायरवॉल बंद करतो, फोल्डर सर्वांना मोकळा करतो, पासवर्ड काढतो आणि जुने एसएमबी-१ चालू करून देतो. फाइल उघडते, मजुरी दिली जाते आणि सर्वांना तसल्ली वाटते. माझे स्पष्ट मत आहे की हा इलाज नव्हे. शटर अडकते म्हणून त्याचे कुलूपच काढून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

विंडोजचे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने एकमेकांच्या फाइली मागतात व देतात तिला एसएमबी म्हणतात. तिच्या पहिल्या, म्हणजे एसएमबी-१ या आवृत्तीतील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांना १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने गाठले. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर कॉम्प्युटरच्या फाइली कुलूपबंद झाल्या व सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याची सुरुवात युक्रेनमधील कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि त्याची झळ आपल्या न्हावाशेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियापर्यंत पोहोचून तेथील कंटेनरचे काम थांबले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या दुकानाचे काय?

म्हणूनच २०१७ च्या अखेरपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी-१ आपोआप बसवले जात नाही. विंडोज ११ प्रोची २०२४ ची आवृत्ती बिनपासवर्डच्या पाहुण्यालाही नकार देते. त्यामुळे अपडेटनंतर जुनी पेटी एकाएकी उघडेनाशी होते आणि लोक अपडेटला दोष देतात. वास्तविक पेटीची पद्धत जुनी झालेली असते. पेटीच्या सेटिंगमध्ये एसएमबी-२ किंवा ३ चालू करावे, नाव व पासवर्ड ठेवावा. पेटीत ती सोयच नसेल तर पेटी बदलावी.

इतर बिघाड बहुधा साधे असतात. मात्र ते क्रमाने शोधले पाहिजेत.

प्रथम पाहावे की फाइल एकाच कॉम्प्युटरवर उघडत नाही की सगळीकडे. सगळीकडे अडत असेल तर दोष मुख्य कॉम्प्युटर, स्विच किंवा राउटरकडे आहे. मुख्य कॉम्प्युटर झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये गेला तरी असेच होते. ती सेटिंग बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट तार. स्विचवरचा दिवा लागतो का ते पाहावे. आपल्या पालीकडे पावसात विजा कडाडतात, वीज जाते-येते. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण स्विच व राउटर मात्र उघड्यावर असतात. त्यांनाही यूपीएस द्यावा, कारण फाइल लिहिली जात असताना जोड तुटली तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. याच कारणाने हिशेबाचे काम वाय-फायवर न करता तारेवर करावे.

तिसरी गोष्ट पत्ता. प्रत्येक कॉम्प्युटरला राउटर एक आकडी पत्ता देतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत पोहोचच नाही असे समजावे. वीज गेल्यानंतर मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये तो कायम करून घ्यावा. आकडी पत्त्याने फोल्डर उघडतो पण नावाने उघडत नाही, तर दोष फक्त नाव ओळखण्यात आहे.

चौथी गोष्ट, राउटर बदलला की विंडोज त्या नेटवर्कला 'पब्लिक', म्हणजे परके समजू शकते आणि फाइली देणे थांबवते. तेथे 'प्रायव्हेट' निवडावे. फायरवॉल बंद करण्याची गरज नाही.

शेवटी परवानगी. कॉम्प्युटर उघडण्याचा पिन येथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्ड रिकामा असेल तर विंडोज सहसा नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्ड बदलला असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरने साठवलेला जुना पासवर्ड काढून नवा द्यावा. कारागिराला डिझाइनचा फोल्डर मोकळा असावा, हिशेबाचा नसावा.

एवढे करूनही रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत मूळ फाइलबरोबरच सापडते.

आपण कापडाच्या गाठीची नोंद ठेवतो, तशी या जोडणीचीही एक वही ठेवावी. कोणत्या कॉम्प्युटरचा पत्ता काय, तार कोठून गेली, दुरुस्तीवाल्याने कोणत्या तारखेला काय बदलले, हे त्यात लिहावे. लिहून दिल्याशिवाय मजुरी देऊ नये. त्या फाइलींत आपल्या गिऱ्हाइकांची उधारी आहे, फोन नंबर आहेत, कारागिरांची मजुरी आहे. ती लोकांची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. तिचा दरवाजा उघडा टाकून मिळालेली सोय व्यापाऱ्याला परवडणारी नाही.