एका पौंडाला विकलेली पेढी

इंग्लंडच्या उत्तरेस, मँचेस्टरच्या शेजारी बेरी नावाचे गाव आहे. लोकर, सूत आणि कागद यांच्या गिरण्यांवर ते वाढले. पंतप्रधान सर रॉबर्ट पील १७८८ मध्ये या गावी जन्मले. परदेशी धान्यावरील जाचक जकातीचा कायदा त्यांनी १८४६ मध्ये रद्द केला आणि त्यापायी स्वतःचाच पक्ष दुभंगू दिला. त्यांचा पुतळा आजही गावच्या बाजारचौकात उभा आहे. गिरण्या मात्र गेल्या. गावाचे नाव बाहेरच्या जगात ज्यामुळे ऐकू येई अशी एकच गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे १८८५ मध्ये स्थापन झालेला फुटबॉल क्लब.

हा क्लब कधीच बलाढ्यांत मोडला नाही. पण त्याची वंशावळ मोठी. १९०० आणि १९०३ अशा दोन वर्षी त्याने एफ. ए. कप जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीला सहा विरुद्ध शून्य असे हरवले, आणि अंतिम सामन्यातील त्या फरकाची बरोबरी करण्यास मँचेस्टर सिटीला २०१९ चा मे महिना उजाडावा लागला. त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी, १८९४ पासून अखंड सभासद असलेल्या या क्लबला इंग्लिश फुटबॉल लीगने बाहेर काढले. संघ हरला म्हणून नव्हे. नुकताच तो वरच्या श्रेणीत चढला होता. हिशेब जुळेना, हे कारण होते.

व्यापारी घरांतील वाचकांना या हिशेबाची गोडी अधिक वाटेल. २०१८ च्या डिसेंबरात क्लबची मालकी बदलली ती एका पौंडाला. कर्जासकट पेढी नाममात्र किमतीस घेणे यात नवल नाही. बुडत्या दुकानांचे असे व्यवहार बाजारात होतच असतात. नवल निराळे आहे. नवे मालक स्टीव्ह डेल यांनी पुढे रेडिओवर सांगून टाकले की बेरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेही आपणास ठाऊक नव्हते. क्लब चालविण्याइतका पैसा त्यांच्यापाशी आहे की नाही, याचा पुरावा लीगने खरेदी होण्यापूर्वी हाती घेतला नाही. नंतर मागितला, तो समाधानकारक मिळाला नाही. हंगामाचा माल उधार देण्यापूर्वी साधा अडत्यादेखील दोन-चार पेढ्यांवर गिऱ्हाइकाची पत विचारतो. सव्वाशे वर्षांची संस्था हस्तांतरित होताना तेवढीही चौकशी पुरी झाली नव्हती.

दोष एकट्या नव्या मालकाचा मानणे मात्र न्यायाचे होणार नाही. गिग लेन हे मैदान आधीच गहाण पडलेले होते. उत्पन्नाशी मेळ नसलेले पगार जुन्या व्यवस्थेतच कबूल झाले होते. आणि येथे प्रेक्षकाकडेही बोट जाते. चांगले खेळाडू आले, संघ जिंकू लागला, तेव्हा हा पैसा कोठून येतो असे विचारणारे आवाज थोडे होते आणि टाळ्या उदंड होत्या. २०१८-१९ च्या हंगामात बेरीने श्रेणीत दुसरे स्थान मिळवून बढती घेतली, त्या वेळी खेळाडूंचे पगार थकलेले होते. बेरीचा प्रामाणिक प्रेक्षक आज हेही कबूल करतो, म्हणूनच त्याच्या उरलेल्या म्हणण्याला वजन येते.

इंग्लिश फुटबॉलमध्ये एक विलक्षण रूढी आहे. क्लब बुडीत निघाला तर खेळाडू आणि इतर क्लब यांचे येणे पूर्ण चुकते करावे लागते, नाही तर लीगमध्ये स्थान राहत नाही. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवावे. बेरीने २०१९ च्या जुलैत धनकोंशी जी तडजोड केली तीत सामान्य धनकोंना पौंडामागे पंचवीस पेन्स मिळावयाचे होते. या सामान्यांत सरकारचे करखाते येते, आणि जिकडेतिकडे असतात तसे गावातील लहान पुरवठादारही येतात. तडजोडीची शिक्षा म्हणून संघाचे बारा गुण कापले गेले ते वेगळेच. म्हणजे प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले ते गेले; नागरिक म्हणून त्याने भरलेल्या करातून जे उभे राहते त्या तिजोरीचे येणेही रुपयाला चार आण्यांवर आले. खेळाचा प्रेक्षक आणि देशाचा मतदार ही दोन माणसे येथे एकाच खात्यावर नुकसान लिहीत होती. फुटबॉलच्या कारभाराविषयीचे त्याचे मत राजकीय झाले ते या टप्प्यावर.

अखेरच्या दिवसांत एक खरेदीदार पुढे आला. क्लब वाचणार या आशेने शेकडो माणसे गिग लेनवर झाडू आणि बादल्या घेऊन आली, खुर्च्या पुसल्या, आवार झाडले. २७ तारखेस खरेदीदाराने माघार घेतली. त्याच दिवशी शेजारच्या बोल्टन क्लबला चौदा दिवसांची मुदत मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा सौदा पुरा होऊन तो वाचला. बेरीच्या लोकांना हा शेजार अजून सलतो.

मग हा प्रेक्षक मागतो तरी काय? त्याला क्लब सरकारजमा व्हायला नको आहे. जर्मनीत क्लबच्या सभासदांच्या संस्थेकडे निम्म्याहून अधिक मते राहावीत असा नियम आहे. त्याचे कौतुक इंग्लंडमध्ये पुष्कळ होते, पण शंभर-शंभर वर्षे खाजगी कंपन्यांच्या रूपाने चाललेल्या क्लबांत तो उलट पावली आणता येईल असे फारसे कोणी मानत नाही. त्याची मागणी साधी आहे. समभाग ज्याचे असतील त्याचे असोत. मैदान, नाव, रंग आणि बोधचिन्ह ही विश्वस्ताच्या हातची ठेव समजली जावी. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांना न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. मंदिराच्या वा बोर्डिंगच्या न्यासावर काम केलेल्यांना ही कटकट परिचयाची आहे, आणि तिचे प्रयोजनही. बेरीचा प्रेक्षक त्याच जातीची कटकट मागत होता.

सरकारे त्याच्याकडे दीर्घकाळ निराळ्या नजरेने पाहत आली. १९८० च्या दशकात फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे बंदोबस्ताचा प्रश्न, ही शासनाची धारणा होती. त्याला ओळखपत्र सक्तीचे करण्याचा कायदाही १९८९ मध्ये झाला. त्याच वर्षी हिल्सबरो येथे चेंगराचेंगरी झाली आणि तीत शेवटी ९७ माणसे गेली. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने त्यानंतर ओळखपत्रांची ती योजना मोडीत काढली आणि मैदानांच्या सुरक्षिततेकडे लक्ष वळविले. पैशाच्या कारभारात मात्र शासनाने हात घातला नाही. खेळ स्वतःचे पाहून घेईल, असे दोन्ही मोठे पक्ष म्हणत राहिले.

१२ डिसेंबर २०१९ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. बेरी नॉर्थ मतदारसंघात हुजूर पक्षाचा उमेदवार अवघ्या १०५ मतांनी निवडून आला. हरले ते मजूर पक्षाचे जेम्स फ्रिथ, आणि क्लब वाचविण्यासाठी धडपडलेल्यांत तेच पुढे होते. निवडणूक ब्रेक्झिटची होती. फुटबॉलने निकाल फिरविला असे म्हणण्यास आधार नाही. तथापि १०५ मतांची जागा ज्या पक्षाच्या हाती असते त्याला गावचे मैदान दिसू लागते, एवढे म्हणता येईल. प्रेक्षकांच्या पुढाकाराने फुटबॉलच्या कारभाराची तपासणी करू, असे आश्वासन हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात होतेच. ते दीड वर्ष कागदावर राहिले.

ते हलले बेरीमुळे नव्हे, धनिकांमुळे. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी, त्यांत इंग्लंडचे सहा, स्वतःची जवळजवळ बंदिस्त अशी सुपर लीग जाहीर केली. प्रेक्षक रस्त्यावर आले, पंतप्रधानांनी कायद्याचा धाक घातला आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले. लगोलग ट्रेसी क्राउच या खासदारबाईंकडे तपासणीचे काम आले. त्यांच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात ४७ शिफारशी होत्या. पहिली होती स्वतंत्र नियामकाची. लहान क्लब मेला तेव्हा सरकारला फुरसत नव्हती, मोठे क्लब पळू लागले तेव्हा ती मिळाली, हा बेरीकरांचा टोमणा खरा आहे.

पुढचा प्रवास मतदाराला बरेच शिकवून गेला. हुजूर सरकारने मार्च २०२४ मध्ये विधेयक आणले. निवडणूक लागल्याने ते बारगळले. मजूर पक्षाने सत्तेवर येताच ते थोडे कडक करून पुन्हा मांडले, तेव्हा ज्यांच्या घरात ते जन्मले होते तेच विरोधी बाकांवरून त्याच्या विरोधात बोलू लागले. २१ जुलै २०२५ रोजी कायदा झाला. पहिल्या पाच श्रेणींतील क्लबांना आता परवाना लागेल. मालकाचा पैसा कोठून आला हे तपासले जाईल. मैदान विकण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागेल, प्रेक्षकांचा सल्ला ऐकावा लागेल. प्रीमियर लीगमधील अनेकांचे म्हणणे असे की यामुळे भांडवल बिचकेल आणि जगात पहिल्या क्रमांकाचा धंदा सरकारी कागदांत गुंतेल. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही; परवान्याच्या राज्यात दिवस काढलेल्या भारतीय व्यापाऱ्याला तो कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय नियामकाच्या अध्यक्षपदी नेमलेल्या गृहस्थांनी नेमणूक करणाऱ्या मंत्रिणीच्या पक्षांतर्गत निवडणुकीस देणगी दिली होती आणि ती वेळेवर जाहीर झाली नव्हती, असे निघाले. मंत्रीणबाईंना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मालकाची चौकशी करणाऱ्याची चौकशी कोणी करावी, हा प्रश्न बेरीच्या प्रेक्षकाने तेव्हा विचारला असेल तर तो त्याचा हक्कच होता.

पैसा असला की सारे सुरळीत होते, असेही नाही. बेरीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर ब्लॅकबर्न आहे. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला तेथील रोव्हर्स क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने घेतला. महिनाभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आले. २०१२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला, २०१७ मध्ये तिसरीपर्यंत गेला, वर्षभरात दुसरीत परतला. या सगळ्या काळात मालकांनी तोटा भरून काढण्याचे थांबविले नाही. क्लब अजून उभा आहे तो त्या पैशावर, हे टीकाकारांनाही मान्य करावे लागते. अलीकडे तर पुण्याहून पैसे पाठविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागण्याची वेळ आली, तरीही ते पाठविले गेले. तरी ब्लॅकबर्नचा प्रेक्षक रुसलेला आहे. मालक क्वचितच येतात, निर्णय दुरून होतात, विचारत कोणी नाही, ही त्याची तक्रार. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत. पोटापुरते देणाऱ्या पण घरी न फिरकणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी घरात जी भावना असते, तिच्या जवळ जाणारी ही भावना आहे, आणि कोणताही परवाना तिच्यावर उतारा देऊ शकणार नाही.

बेरीत इकडे भाऊबंदकी माजली होती. हकालपट्टीनंतर काही प्रेक्षकांनी नवा क्लब काढून तळच्या श्रेणीत खेळ सुरू केला. दुसऱ्या गटाला जुने नावच खरे वाटे. २०२२ मध्ये प्रेक्षकांच्याच एका मंडळाने सरकारच्या निधीतून मिळालेल्या दहा लाख पौंडांच्या साहाय्याने गिग लेन विकत घेतले. मैदान हाती आले तरी मने जुळेनात. त्याच वर्षी दोन्ही गट एक करण्यासाठी मतदान झाले, तेव्हा एका गटात आवश्यक मताधिक्य थोडक्यात हुकले. मे २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले, या वेळी ते पुरे पडले, आणि जुलैत बेरी फुटबॉल क्लब हे नाव गिग लेनवर परतले. फ्रिथही २०२४ मध्ये पुन्हा खासदार झाले.

२०२५ मध्ये संघाने एक पायरी चढून आठवी श्रेणी गाठली. सामन्याच्या दिवशी काही हजार माणसे येतात. त्या श्रेणीत इतकी गर्दी विरळा. बेरीच्या नावाने ज्या कायद्याची मागणी वर्षानुवर्षे झाली, तो पाचव्या श्रेणीपर्यंतच लागू आहे. त्याच्या छायेत येण्यास बेरीला अजून तीन वेळा बढती मिळवावी लागेल.