मुक्कामात आईलाही सुट्टी हवी

मुलगी-जावई परदेशात आणि आईबाबा दोन-तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे, हे आता आपल्या तालुक्याच्या गावांतही नवं राहिलेलं नाही. लंडनला गेलं की ‘गाडी काढून फ्रान्स करून येऊ’ असा बेत ठरतो. नकाशा उघडतो आणि यादी सुरू होते. दोन दिवसांत आठ राजवाडे, वाटेत पॅरिस! पण मैत्रिणींनो, या यादीत एक प्रश्न कुणीच लिहीत नाही. ही सुट्टी नेमकी कुणाची?

उदाहरण म्हणून ल्वार नदीचं खोरं घ्या. पॅरिसहून तूर शहर अडीचशे किलोमीटरच्या आत, समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेवर गाडी चढवून कॅलेला उतरलात तर तिथून सुमारे ५०० किलोमीटर. नदीकाठचा २८० किलोमीटरचा पट्टा सन २००० मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. द्राक्षमळे, पांढऱ्या दगडाची घरं आणि जागोजागी राजवाडे. एकट्या शाँबोरला ४४० खोल्या. असे चार राजवाडे लागोपाठ पाहिले की पाचव्यात मुलं रडतात, आजींचे गुडघे बोलू लागतात, आणि पाण्याच्या बाटल्या, औषधं, जादा कपडे सांभाळणारी बाई भिंतीला टेकून उभी राहते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. मुक्काम एकच करावा, तीन रात्रींचा. आँब्वाज हे त्यासाठी छान गाव आहे. लिओनार्दो द विंचीने आयुष्याची शेवटची तीन वर्षं इथे काढली आणि १५१९ मध्ये इथेच देह ठेवला. तो राहिला ते घर पाहता येतं. रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी नुसतं नदीवर बसलं तरी दिवस सार्थकी लागतो.

राजवाडा एकच पाहायचा तर शनाँसोचा पाहावा. आँब्वाजहून अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येतं. शेर नदीवर उभा असलेला हा वाडा ‘बायकांचा वाडा’ म्हणूनच ओळखला जातो. नवरा राजाच्या कामासाठी दूर, तेव्हा कॅथरिन ब्रिसोने हिने सोळाव्या शतकात बांधकामावर देखरेख केली. दियान द प्वातिएने नदीवर पूल बांधवला, कॅथरिन द मेदिची राणीने त्या पुलावर साठ मीटर लांब दालन चढवलं. अठराव्या शतकात इथे लुईज द्युपँ राहायची. स्त्रियांवर मोठा ग्रंथ लिहायचं तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी टिपणं काढायला कारकून कोण, तर पुढे जगप्रसिद्ध झालेला रूसो! पहिल्या महायुद्धात त्याच दालनात दवाखाना होता, दोन हजारांहून जास्त जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात नदीचा एक काठ जर्मनांच्या ताब्यात आणि दुसरा मोकळा, तेव्हा दालनाचं पलीकडचं दार सुटकेचं दार ठरलं. तळात, पुलाच्या खांबांमध्ये स्वयंपाकघर आहे. सामान होडीतून थेट तिथे उतरायचं. ते स्वयंपाकघर जरूर बघा. वाडा कुणाच्या कष्टावर चालत होता, ते तिथे कळतं.

आता आपल्या स्वयंपाकघराचं. खेड्यात राहायला ‘जीत’ नावाची भाड्याची घरं मिळतात. हॉटेलपेक्षा परवडतात आणि चूलही असते. पण चूल आली की घरची बाई चुलीपुढे आली, हे आपलं गणित तिथेही सुटत नाही. मग सात हजार किलोमीटर जाऊन तिने काय पाहिलं? गॅस आणि सिंक! तेव्हा गाडी निघायच्या आधीच ठरवून टाका. एक रात्र जावयाची खिचडी, एक रात्र बाहेर जेवण, एक रात्र बाजारातला पाव, चीज, टोमॅटो आणि फळं. भांडी मुलांनी घासायची. यात कुणाचाही मान जात नाही.

काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. भारताच्या पासपोर्टवर जाणाऱ्या आईबाबांना ब्रिटनचा व्हिसा पुरत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. बाहेरून येताना सामानात दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप-पेढे घरीच ठेवा. डाळ-तांदूळ तिथल्या मोठ्या दुकानातही मिळतात. खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, हॉटेलात दुपारचं जेवण साधारण बारा ते दोनच मिळतं. चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची असते, तेव्हा पहिल्या दिवशी चालकाशी गप्पा नकोत.

काही जणी म्हणतील, ‘एवढा खर्च करून जायचं आणि चारच गोष्टी बघायच्या?’ पैशाचा हिशोब मलाही कळतो. पण राजवाडे मोजून सहल मोठी होत नाही. बेत आखायला बसाल तेव्हा यादीच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहा आणि पुढे लिहा, रोज दोन तास मोकळे. बाकीची यादी त्याच्या खाली.