टक्के सांगता, पण कशाचे?

गुणोत्तर-प्रमाणाची शाब्दिक उदाहरणे आली की आपली अनेक मुले पान उलटतात. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तरच या गणिताशी गाठ, असा समज चळवळीतही आहे. आम्हाला तो मान्य नाही. आरक्षण आणि अर्थसंकल्प ही मुळात गुणोत्तराचीच उदाहरणे आहेत. ती ज्याला सोडवता येत नाहीत, त्याला कोणीही आकडे दाखवून गप्प बसवतो.

समजा, एका संवर्गात मंजूर पदे 300, भरलेली 200 आणि त्यात अनुसूचित जातींचे कर्मचारी 26. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना आरक्षण 13 टक्के. साहेब म्हणतात, "200 चे 13 टक्के 26. तुमचा कोटा पूर्ण!" गुणाकार बरोबर, पण आधार चुकीचा. रोस्टर पदांवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये आर. के. सभरवाल खटल्यात स्पष्ट केले. मग 100 ला 13, तर 300 ला किती? 39. म्हणजे 13 जागा अजून आपल्या हक्काच्या आहेत.

आता निधीचे घ्या. समजा, राज्याची वार्षिक योजना 80,000 कोटींवरून 1,00,000 कोटींवर गेली आणि अनुसूचित जाती उपयोजनेची तरतूद 8,000 वरून 9,000 कोटींवर. "हजार कोटी वाढवले" अशी जाहिरात होईल. पण वाटा 10 टक्क्यांवरून 9 वर आला. रक्कम वाढली, हिस्सा घटला. उपयोजनेचे तत्त्व लोकसंख्येच्या प्रमाणात निधी हे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती 11.8 टक्के. म्हणजे या उदाहरणात हवे होते 11,800 कोटी. तूट 2,800 कोटींची!

मित्रहो, कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. एकूण किती? त्यात आपला वाटा किती? आणि हे "एकूण" कोणी, कशावरून ठरवले? फसवणूक बहुधा तिसऱ्या प्रश्नात लपलेली असते.

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीची वाटणी कशी होते, हे त्यांनी आकड्यांतून तपासले. त्यांच्या जयंतीला डीजे लावणाऱ्या प्रत्येक मंडळाने वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास त्रैराशिक शिकवावे. माहिती अधिकारात फक्त भरलेली पदे विचारू नका, मंजूर पदेही मागा. छेद हातात आला की हिशेब आपला आपल्याला करता येतो.

जय भीम!