पंच दाराबाहेर नको, घरात हवेत

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी खटले लढवते. झडतीच्या प्रकरणात अशिलाच्या घरची माणसं बहुतेक वेळा एकच सांगतात: ‘मॅडम, आम्हाला अंगणात उभं केलं. आत काय सापडलं ते सही करतानाच कळलं.’ झडती झाली याबद्दल त्यांची तक्रार नसते. तपास करायचा तर पोलिसांना घरात शिरावं लागतंच. तक्रार असते ती दार लावून घेतल्याची.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ म्हणतं की परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, घरात राहणाऱ्याला झडतीला हजर राहू द्यायला हवं आणि जप्त मुद्देमालाच्या यादीची प्रत त्याला द्यायला हवी. जुन्या संहितेतही हेच होतं.

ते न पाळल्याची किंमत किती, हे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात दिसलं. १२ सप्टेंबर २०१३ ला महाराष्ट्र पोलिसांनी त्यांच्या दिल्लीतल्या घराची झडती घेतली. विद्यापीठाच्या परिसरात शिकलेल्या माणसांची वाण नव्हती. तरी संगणकीय साहित्याच्या जप्तीला पंच आणला तो निरक्षर. ५ मार्च २०२४ ला आपल्या नागपूर खंडपीठाने इतर कारणांसोबत या जप्तीवरही अविश्वास दाखवला आणि त्यांना निर्दोष सोडलं. मधली बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीवरचा तो माणूस इथल्याच मध्यवर्ती कारागृहात होता. सुटकेनंतर सात महिन्यांत ते गेले. त्यांचे विचार कुणाला पटोत न पटोत, पंचनामा असा होता कामा नये.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की चुकीच्या झडतीची झळ पोलिसांना जवळपास लागतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरनमल निकालापासून बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही सहसा ग्राह्य धरला जातो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हाच हा नियम तपासून पाहायला हवा होता. घराचा उंबरठा पोलिसांनी कायदा मोडून ओलांडला असेल, तर त्या पुराव्यावर कुणालाही शिक्षा होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

१ जुलै २०२४ पासून कलम १०५ ने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. चांगली तरतूद आहे. पण त्याची प्रत घरमालकाला त्याच दिवशी द्यावी, असं त्यात लिहिलेलं नाही. ते लिहिलं जायला हवं.

तोवर एक विनंती. शेजारी झडती असेल आणि पंच म्हणून बोलावलं, तर कोर्टाच्या चकरांच्या भीतीने दार लावून घेऊ नका. खास समन्स आल्याशिवाय अशा पंचाला कोर्टात यावं लागत नाही. आत जा, शेवटपर्यंत थांबा, पंचनामा पूर्ण वाचा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.